ताईने फॉर्म नीट भरला होता

रविवारी सकाळी आईने ताईला फोन लावला आणि विचारलं, "तू फॉर्म नीट भरला नव्हतास का गं?" डॅलसला तेव्हा शनिवारची रात्र, साडेदहा वाजलेले. ताईने विषय बदलला. फोन ठेवल्यावर मला मेसेज आला: "हे आईच्या डोक्यात कुणी भरवलं?"

भरवलं आमच्या न्यू जर्सीच्या मामांनी. मजकूर त्यांचा नव्हे, व्हॉट्सअ‍ॅपवर हजार ग्रुप फिरून आलेला दुहेरी बाणाचा फॉरवर्ड. मामांनी खाली फक्त "अगदी बरोबर. आम्हीही रांगेतूनच आलो" एवढं जोडलं. आई मामांचा शब्द खाली पडू देत नाही, त्यामुळे निष्कर्ष सरळ होता: सगळ्यांना ग्रीन कार्ड (अमेरिकेत कायमचं राहण्याचा परवाना) मिळतं आणि ताईला मिळत नाही, म्हणजे ताईचंच काहीतरी चुकलं.

मेसेजचा सारांश असा. शिस्तीत रांगेत उभं राहिलं की प्रत्येकाचा नंबर लागतो. आपल्या मुलांना उशीर होतो तो रांग मोडून घुसणाऱ्या बेकायदा लोकांमुळे. ते टॅक्सही भरत नाहीत. आता त्यांना हाकलायला घेतलंय, म्हणजे आपली रांग भराभर सरकेल. कायद्याने राहणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. आणि मराठी माणूस असल्या वाटेने जातच नाही.

सगळ्यात भन्नाट आहे ते रांग सरकण्याचं. त्यावरच लोकांनी सर्वात जास्त अंगठे उमटवलेत, म्हणून आधी तेच.

नोकरीच्या आधारावर वर्षाला १,४०,००० ग्रीन कार्डं द्यायची, हा आकडा अमेरिकी काँग्रेसने १९९० साली कायद्यात लिहून ठेवला. त्यात नवरा-बायको आणि मुलंही मोजतात. एका देशात जन्मलेल्यांना त्यातले ७ टक्के, म्हणजे साधारण ९,८००. बाकीच्या देशांनी वापरल्या नाहीत तर वर थोड्या जागा मिळतात. भारताला जी मर्यादा, तीच आइसलँडला. आता यात कागदपत्रांशिवाय राहणारा, शेतात स्ट्रॉबेरी तोडणारा माणूस कुठे आला? तो या रांगेत उभाच नाही, तर मोडणार काय? उद्या झाडून सगळ्यांना विमानात घातलं तरी १,४०,००० चे १,४०,००१ होत नाहीत. रेशनच्या दुकानासमोरची माणसं हुसकावून लावली म्हणून आपल्या गॅसचा नंबर लवकर लागत नाही.

"मग त्यांनीही रांगेत यावं की," असं मामा म्हणणार. कुठल्या? अकुशल कामगारांसाठी त्या १,४०,००० मध्ये फार तर १०,००० जागा आहेत. आणि वर्षभराहून जास्त काळ बेकायदा राहिलेला माणूस कागद करायला म्हणून देशाबाहेर पडला की त्याला १० वर्षं परत येता येत नाही. हा १९९६ चा कायदा.

आता आपल्या रांगेबद्दल. मामांच्या पिढीला बजाज चेतकसाठी नंबर लावणं आठवत असेल. दहा वर्षं लागायची, पण स्कूटर दारात यायची. केटो इन्स्टिट्यूटच्या डेव्हिड बिअर यांनी २०२३ मध्ये हिशेब मांडला. ही संस्था डाव्यांची नाही, चांगली खुल्या बाजाराची पुरस्कर्ती आहे, हे आधीच सांगून ठेवतो. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डाच्या रांगेत १८ लाख अर्ज, त्यातले ११ लाख भारतीयांचे. तेव्हा नव्याने नंबर लावणाऱ्या भारतीयाला थांबावं लागेल १३४ वर्षं. रांगेतले सव्वाचार लाखांच्या आसपास लोक कार्ड हातात पडायच्या आधी मरतील आणि त्यांतले बहुतेक सगळे भारतीय असतील. फॉर्म नीट भरलेले भारतीय.

ताईचा नंबर २०१६ चा. २०२५ मध्ये उच्चशिक्षितांच्या ईबी-२ या तिच्या वर्गात भारतासाठी सरकारी बुलेटिनवरची तारीख २०१२-१३ मध्येच घुटमळत होती, म्हणजे तोवर नंबर लावलेल्यांनाच कार्ड मिळत होतं. तिच्याच टीममध्ये एक मराठी मुलगा आहे, आडनाव-गाव सगळं आपल्याकडचं, पासपोर्टही भारताचा. त्याचे वडील नोकरीला मस्कतला होते, म्हणून जन्म तिथला. नागरिकत्व नव्हे, जन्मस्थान मोजतात. त्यामुळे तो ओमानच्या खात्यात गेला आणि त्याला कार्ड मिळूनही गेलं. आमच्या आईने ताईला सांगलीऐवजी मस्कतला जन्म द्यायला हवा होता. चूक झालीच असेल तर ती एवढीच.

खरा घोर भाचीचा आहे. पाच वर्षांची असताना गेली, आता एकोणीसची. एकविसाव्या वर्षी ती ताईच्या अर्जावरून गळणार. मग स्वतःचा विद्यार्थी व्हिसा काढा, नाहीतर ज्या देशात पहिलीपासून शिकली तो सोडा. लहानपणी आलेल्या मुलांसाठी ओबामांनी २०१२ मध्ये हद्दपारीपासून अभय देणारी डाका योजना आणली, तिच्यात अट होती की तुम्ही बेकायदा असायला हवं. वैध व्हिसावर आलेली मुलं बाद. "कायद्याने राहणाऱ्याने घाबरायचं कारण नाही" हे वाक्य मामांनी तिच्यासमोर एकदा म्हणून दाखवावं. २०२५ च्या वसंतात हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी सरकारने रातोरात रद्द केल्या, कोर्टात दणके बसल्यावर एप्रिलअखेर पूर्ववत करायला घेतल्या. तीही कायद्याने राहणारी मुलं होती. एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली तर दुसरी शोधायला ६० दिवस मिळतात, मग पोरांची शाळा, घराचे हप्ते काहीही असो.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. व्यवस्थेचा गैरफायदा घेणारे आहेत, आणि त्यात आपले लोक मागे नाहीत. आर्थिक वर्ष २०२४ च्या एच-१बी व्हिसाच्या लॉटरीसाठी साडेसात लाखांवर नोंदण्या आल्या, त्यातल्या चार लाखांहून जास्त एकाच माणसाच्या नावे दोन-दोन, तीन-तीन कंपन्यांकडून केलेल्या होत्या. त्या कंपन्यांना धरा, मी टाळ्या वाजवीन. कुणाला येऊ द्यायचं हे ठरवायचा हक्कही त्या देशाचा. पण रांग छोटी करायला कायदाच बदलावा लागतो, विमानं भरून ते होत नाही. देशवार मर्यादा काढण्याचं विधेयक २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटने त्याचा वेगळा मसुदा मंजूर केला, दोन्हींचा मेळ बसला नाही आणि सगळं बारगळलं. त्याबद्दल एकही फॉरवर्ड आला नव्हता.

उरलेलं भराभर. टॅक्स: आयटीईपी या करधोरणाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या अंदाजाप्रमाणे कागदपत्रांशिवाय राहणाऱ्यांनी २०२२ मध्ये ९६.७ अब्ज डॉलर कर भरला, त्यातला साधारण पाव हिस्सा त्यांना न मिळणाऱ्या पेन्शनसाठी. मराठी माणूस: ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला उतरलेल्या लष्करी विमानात बेड्या घातलेले १०४ भारतीय होते, त्यात महाराष्ट्राचे तिघे.

आणि मामा, तुमची रांग. १९४६ ते १९६५ या काळात भारताच्या वाट्याला वर्षाला १०० जागा होत्या. १९६५ च्या कायद्याने ही मर्यादा २०,००० वर नेली. तुम्ही १९७१ ला इंजिनिअरिंगची पदवी आणि खिशात आठ डॉलर घेऊन निघालात, तेव्हा पुढे गर्दीच नव्हती. कष्ट तुमचे, त्याबद्दल कुणी काही म्हणत नाही. पण ग्रीन कार्ड घेऊनच विमानात बसलात ना?

आईला एक फोन करा. मी दोनदा सांगून झालंय की ताईने फॉर्म नीट भरला होता. तिला ते तुमच्या तोंडून ऐकायचंय.