‘छोटा देश, पाच दिवस पुरे’: कोस्टा रिकावरच्या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

मराठी प्रवाशांच्या ग्रुपांत एक मजकूर सतत पुढे ढकलला जातो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मध्य अमेरिकेतला कोस्टा रिका महाराष्ट्राच्या सहाव्या हिश्शाएवढा, त्यामुळे पाच दिवसांत सगळा बघून होतो, डिसेंबर ते एप्रिल सोडून जाण्यात अर्थ नाही, देश उष्ण, सुती कपडे पुरेत, गाडी दिवसाला 10 डॉलरला मिळते, डॉलर कुठेही चालतो, अमेरिकेचा व्हिसा असेल तर इतर कागद लागत नाहीत आणि येताना शेजारचा पनामा सहज करता येतो. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट अर्धी खरी आहे. म्हणूनच लोक तिच्यावर विसंबून तिकिटं काढतात.

क्षेत्रफळाचा आकडा बरोबर आहे: सुमारे 51,100 चौरस किलोमीटर. पण देशाच्या मधोमध, वायव्येकडून आग्नेयेकडे डोंगररांग गेली आहे आणि तिचं सर्वोच्च शिखर चिरिपो 3,820 मीटर उंच आहे. इथलं अंतर किलोमीटरमध्ये न मोजता तासांत मोजावं. मॉन्तेवेर्दे आणि ला फोर्तुना ही सर्वांच्या यादीतली दोन ठिकाणं नकाशावर सरळ रेषेत 25 किलोमीटरच्या आसपास आहेत. मध्ये आरेनाल तलाव असल्याने रस्ता त्याला वळसा घालून जातो आणि गाडीने तीन-साडेतीन तास लागतात. व्हॅन, होडी, पुन्हा व्हॅन असा तलाव ओलांडण्याचा पर्याय आहे, पण भाड्याची गाडी त्या होडीवर चढत नाही. राजधानी सान होसेहून कॅरिबियन किनाऱ्याकडे जाणारा 32 क्रमांकाचा महामार्ग ब्राउलियो कारियोच्या जंगलातून जातो. जोराचा पाऊस झाला की तिथे दरड कोसळते आणि रस्ता बंद होतो. तुरियाल्बावरून जाता येतं, पण ती वाट बरीच वेळ खाते. निघण्याआधी वेझ (Waze) या नकाशाच्या ॲपवर रस्ता चालू आहे का ते पाहा.

त्यात अंधाराची भर. देश विषुववृत्ताच्या साधारण 10 अंश उत्तरेला असल्याने बाराही महिने सूर्य सव्वापाच ते सहाच्या दरम्यान मावळतो. घाटात दिवे नाहीत, कडेला खोल गटारं, वळणावर अचानक धुकं. रोजचा प्रवास दुपारी चारपर्यंत संपेल असाच बेत करावा. या हिशेबाने पाच दिवसांत दोन मुक्काम नीट होतात, चार होत नाहीत. विमानतळही विचार करून निवडा. वायव्येकडच्या ग्वानाकास्ते प्रांताचे किनारे बघायचे असतील तर तिथल्याच लिबेरिया शहराच्या विमानतळावर उतरा. सान होसेला उतरलात तर त्या किनाऱ्यावरच्या तामारिंदोपर्यंत चार-पाच तास गाडीतच जातात.

‘मे ते नोव्हेंबर जाऊच नका’ हा सल्ला सर्वांत जास्त नुकसान करतो. पॅसिफिक बाजूला आणि मधल्या खोऱ्यात पाऊस मे ते नोव्हेंबर असतो हे खरं आणि सप्टेंबर-ऑक्टोबर सर्वांत ओले. पण बहुतेक दिवस सकाळ स्वच्छ असते आणि दुपारनंतर सर कोसळते. जंगलातली पायवाट, ज्वालामुखी, पक्षी हे सगळं सकाळी सहा ते अकरामध्ये उरकून घ्यायचं. आणि याच सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये डोंगराच्या पलीकडे, कॅरिबियन किनाऱ्यावरच्या काउइता आणि पुएर्तो वियेहोला, पाऊस कमी झालेला असतो नि समुद्र शांत असतो. दोन बाजूंचे ऋतू वेगळे आहेत, हे त्या फॉरवर्डमध्ये कुठेच नाही. तोर्तुगेरोच्या किनाऱ्यावर हिरवी कासवं अंडी घालायला येतात ती जुलै ते ऑक्टोबरमध्ये. कासवांसाठी जाणाऱ्याला जानेवारीचं तिकीट काढायला लावणं म्हणजे त्याची शुद्ध फसवणूक आहे.

कपड्यांबद्दल एवढंच: सान होसे 1,170 मीटरवर, मॉन्तेवेर्दे 1,400 च्या आसपास आणि इरासू ज्वालामुखीचा माथा 3,432 मीटरवर. माथ्यावर सकाळी बोटं गारठतात. माणशी एक जाड जॅकेट आणि एक वॉटरप्रूफ हवंच.

आता गाडी. संकेतस्थळावर दिसणारे 10 डॉलर हे फक्त गाडीचं भाडं असतं. तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा देशाच्या कायद्याने सक्तीचा आहे आणि तो काउंटरवर वेगळा लागतो, दिवसाला साधारण 15 ते 25 डॉलर. क्रेडिट कार्डाबरोबर मिळणारा विमा गाडीच्या नुकसानीपुरता असतो. हा सक्तीचा विमा त्याने टळत नाही. बुकिंग करतानाच सर्व धरून एकूण रक्कम ईमेलवर लेखी मागा. अनामतीसाठी चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. वाहतूक उजव्या बाजूने आहे. ओढा गाडीने ओलांडू नका: इंजिनात पाणी शिरून झालेलं नुकसान विम्यात सहसा बसत नाही.

डॉलर पर्यटनाच्या गावांत चालतो, पण सुटे कोलोनमध्ये, म्हणजे तिथल्या चलनात, परत मिळतात आणि दर दुकानदाराचा. किंचित फाटलेली नोट नाकारतात, 50 आणि 100 च्या नोटांनाही नाखूश असतात. बससाठी आणि ‘सोडा’ म्हणजे साध्या खाणावळीसाठी कोलोन जवळ ठेवा. रेस्टॉरंटच्या बिलात 13 टक्के कर आणि 10 टक्के सेवाशुल्क आधीच धरलेलं असतं, वेगळी टिप देणं बंधनकारक नाही. भारतातून इलेक्ट्रिक किटली नेऊ नका. तिथे वीज 120 व्होल्टची; 1,500 वॉटची किटली जेमतेम 400 वॉटने तापेल.

कागदपत्रांचा मुद्दा शेवटी घेतला, कारण इथली चूक पैशांनी भरून निघत नाही. भारतीय पासपोर्टला कोस्टा रिकाचा व्हिसा लागतो. अमेरिकेचा वैध मल्टिपल एंट्री व्हिसा असेल तर सूट आहे, पण परतीचं तिकीट दाखवावं लागतं. अमेरिकेत एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी इथे फार जपावं. पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली आणि हातात फक्त आय-797 हा मंजुरीचा कागद असेल तर तो व्हिसा नव्हे. कॅनडा किंवा मेक्सिकोला 30 दिवसांपर्यंत जाऊन जुन्या शिक्क्यावर अमेरिकेत परतण्याची जी सवलत आहे, ती कोस्टा रिकाला लागू नाही. म्हणजे सुट्टी संपवून अमेरिकेला परततानाच विमानात चढू देणार नाहीत.

पनामाचं तसंच. भारत सरकारच्या पीतज्वराचा (यलो फीव्हर) धोका असलेल्या देशांच्या यादीत कोस्टा रिका नाही, पनामा आहे. तिथे जाऊन सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लसीचं प्रमाणपत्र नसेल, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. विमानतळाबाहेर न पडता फक्त विमान बदललं असेल तर आरोग्य अधिकारी सूट देऊ शकतो, म्हणून बोर्डिंग पास जपून ठेवा. पेरू किंवा ब्राझील करून कोस्टा रिकाला जाणाऱ्यांकडे हेच प्रमाणपत्र कोस्टा रिकाही मागतो. लस अधिकृत केंद्रातच घ्यायची. प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात आणि ते आता आयुष्यभर चालतं. नऊ महिन्यांखालच्या बाळाला ही लस देत नाहीत. साठीपुढच्यांनी किंवा अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं, आणि लस घेता येणार नसेल तर पनामात न उतरणारं तिकीट काढावं.