मावशी, खरं सांग, मी दिसायला कसा आहे?

सकाळपासून जीव थाऱ्यावर नाहीये म्हणून लिहितेय, लांबेल, ज्यांना वेळ नसेल त्यांनी पुढे जा. आणि ज्याच्याबद्दल लिहितेय त्याला विचारूनच लिहितेय.

बहिणीचा मुलगा आमच्याकडे राहतो. सत्तावीस वर्षांचा आहे, इथे इंदूरला भंवरकुआँला पीएससीचा क्लास करतो. आज इस्त्रीचे कपडे ठेवायला त्याच्या खोलीत गेले तर लॅपटॉप उघडा आणि त्यावर त्याचाच फोटो, आमच्या गच्चीवर काढलेला, मागे माझी तुळस दिसतेय. आणि चेहऱ्यावर लाल रेघा. जबड्याचा कोन, दोन डोळ्यांतलं अंतर, नाक ते ओठ किती, सगळं मोजलेलं, आणि खाली दहापैकी तीन मार्क. त्याखाली कुठल्या कुठल्या देशांतल्या मुलांनी लिहिलेलं, संपलं तुझं, आशा सोड. मला वाटलं कोणी त्याची खोडी काढतंय, फोटो चोरलाय. तर नाही. त्यानेच पाठवला होता. स्वतःच्या हाताने.

मग बसलो दोघं. दोन तास त्याने मला सगळं समजावलं, आणि मला सारखं आठवत होतं ते तीन वर्षांपूर्वीचं. वधू-वर परिचय संमेलनाहून आलो होतो, स्टेजवर त्याने माइक घेऊन नाव, शिक्षण, उंची पाच फूट चार इंच असं सांगितलं आणि मागच्या रांगेत दोन-तीन जणी हसल्या. हसल्या की आपसात काही बोलल्या, देव जाणे, त्याला ते हसणंच ऐकू आलं. घरी आल्यावर मी पोळ्या करत होते, तो ओट्याला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, मावशी, खरं सांग, मी दिसायला कसा आहे? मी तव्यावरची नजर पण काढली नाही. म्हटलं, चल, काहीतरीच, नोकरी लागू दे, मुलींची लाइन लागेल. झालं. एवढंच बोलले मी.

तो प्रश्न मग त्याने दुसरीकडे नेला.

त्या फोटोखाली लिहिणारी ही मुलं स्वतःला इन्सेल म्हणतात, म्हणजे इच्छा असून ज्यांच्या आयुष्यात कोणी बाई नाही असे. आपल्याकडच्या मुलांसाठी तर वेगळा शब्द आहे, करीसेल, आणि आमचा हा बावळट तो अभिमानाने सांगत होता! त्यांचं म्हणणं असं की वीस टक्के देखण्या पुरुषांच्या मागे ऐंशी टक्के मुली असतात, त्या देखण्याचं नाव चॅड, बाकीच्यांनी आपली मनगटं किती बारीक ते मोजत बसायचं. जीभ टाळूला चिकटवून जबडा सुधारतो म्हणून तासन्‌तास तसं बसायचं. आणि हे सगळं खरं आहे, जन्मतःच ठरलंय, आता काही होणार नाही, हे मान्य करणं म्हणजे काळी गोळी खाणं. बाईला बाई म्हणत नाहीत, फीमॉइड म्हणतात, जसं काही यंत्र. मी म्हटलं मी पण का रे? तुझी आई पण? तो गप्प.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? तिथे कोणी म्हणालं की मी व्यायाम सुरू केला, बरं वाटतंय, एका मुलीशी बोललो, तर त्याला हिणवतात. मनाची समजूत घालतोस म्हणतात, आपला नाहीस म्हणतात, कधीकधी काढूनच टाकतात. पडून राहा आणि सडून जा, हा तिथला सल्ला आहे, त्याला चार अक्षरांचं शॉर्टफॉर्म पण आहे. जीव द्यायच्या गोष्टीला सुद्धा त्यांनी चालू शब्द करून ठेवलाय, कोणी तसं लिहिलं तर थांबवणारा एखादा, टाळ्या वाजवणारे दहा. अरे एकटेपणाची मंडळी म्हणता स्वतःला आणि एकमेकांना बुडवता?

आणि ह्याची सुरुवात कोणी केली माहितेय? एका बाईने. कॅनडातल्या अलाना नावाच्या मुलीने १९९७ साली एकट्या पडलेल्या लोकांसाठी वेबसाइट काढली होती, बायका पण, पुरुष पण, कोणीही यावं आणि मन मोकळं करावं. त्यातून हा इन्सेल शब्द निघाला. पुढे काय झालं बघा. २०१४ ला कॅलिफोर्नियात बावीस वर्षांच्या पोराने सहा जणांना मारलं तर ह्यांच्यातले काही त्याला संत म्हणायला लागले. २०१८ ला टोरंटोत एकाने माणसांच्या अंगावर व्हॅन घातली, त्याआधी फेसबुकवर त्याच संताचं नाव घेऊन. रेडिट नावाच्या वेबसाइटने २०१७ ला त्यांचा मोठा ग्रुप बंद केला तर दुसरीकडे जाऊन बसले.

आमचा तसा नाही. बहुतेक मुलं तशी नसतातच, ते मला कळतंय, नुसती दुःखी असतात. पण ज्या पंगतीला बसतोस तिथलंच पानात पडणार ना?

१९९७ वरून आठवलं, त्याच वर्षी मला दाखवायला सुरुवात झाली. लोकमान्य नगरला एका घरी मुलाच्या आईने मला चपला काढून भिंतीला टेकून उभं केलं होतं, उंची बघायला. पाच ठिकाणांहून रंगावरून नकार आला. कांदेपोहे घेऊन जायचं, मार्क घ्यायचे, परत यायचं, आपण सगळ्यांनी केलंय हे. लाल रेघा फक्त दिसत नव्हत्या. मग आम्ही पुरुषांना काय नावं ठेवली? माजघरात रडलो आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजला गेलो. त्याला हेच ओरडून सांगितलं मी आज. जरा जास्तच ओरडले.

हो, मुली पण उंची बघतात, पॅकेज बघतात, पुण्याचा फ्लॅट विचारतात. बघतात, कबूल आहे.

आणि मुली आहेत कुठे हा पण प्रश्न आहेच. २०११ च्या जनगणनेत आपल्या मध्य प्रदेशात हजार पुरुषांमागे ९३१ बायका. त्या कोणी कमी केल्या? ह्या मुलांच्या जन्माआधी, आपल्याच घरांतून, सोनोग्राफी करून. त्याला बंदी घालणारा कायदा १९९४ चा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापूरला मुलं बाशिंग बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर ऑफिसला गेली होती, लग्नाला मुली मिळत नाहीत म्हणून. तो व्हिडिओ आपल्या फॅमिली ग्रुपवर आला आणि सगळे हसलो, मी पण दोन इमोजी टाकले. मागणी काय होती? गर्भलिंग निदानाचा कायदा नीट लागू करा. त्यांनी मुलींना शिव्या दिल्या नाहीत, बरोबर जागी बोट ठेवलं. आणि आपण हसलो.

ओरडून झाल्यावर मला एकदम दिसलं की तो किती बारीक झालाय. खोलीला पडदा लावलेला, आत वास कोंडलेला. मी रोज दारातून चहा आत सरकवत होते आणि समजत होते की अभ्यास चाललाय.

आपण मुलींशी बोलायला शिकलो थोडंफार, पाळी, नकार, छेडछाड, सगळं. मुलाने विचारलं मी कसा दिसतो तर आपल्याला हसू येतं. पुरुषासारखा पुरुष आणि हे काय विचारतोस. आणि तिकडे त्याला कोणीतरी पट्टी घेऊन बसलेलंच असतं, रात्री दोन वाजता सुद्धा, उत्तर द्यायला तयार.

संध्याकाळी तो स्वयंपाकघरात आला, पाणी प्यायला. मी गॅस बंद केला. म्हटलं इकडे बघ, उजेडात ये. नाक तुझं आजोबांचं आहे, थोडं मोठं आहे, हो. उंची कमी आहे. डोळे तुझ्या आईचे, आणि हसतोस तेव्हा डाव्या बाजूला खळी पडते, ती गेल्या वर्षभरात मी पाहिली नाही. मला तू चांगला दिसतोस, पण मी मावशी आहे, माझं धरू नकोस.

तो म्हणाला, आता काय उपयोग.

ग्लास विसळून ठेवला. पण आत गेला नाही, तिथेच पाटावर बसला. मग म्हणाला, ती भिंतीला उभं केलेली गोष्ट परत सांग, मग तू काय केलंस?

सांगतेय त्याला. उरलेलं उद्या लिहीन.