करवत आणि रंधा सर्वांच्या हाती हवेत

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर विद्यार्थ्यांसाठी दहा दिवसांचा दप्तरमुक्त काळ सुचवलेला आहे. त्या काळात मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांच्या हाताखाली काम करावे, अशी त्यामागची कल्पना आहे. महाराष्ट्रातील शिक्षक मित्रांशी या विषयावर बोलणे निघाले की दोन आक्षेप हमखास ऐकू येतात. पहिला असा, की हाताचे काम शाळेत आणणे म्हणजे कष्टकऱ्यांच्या मुलांना पुन्हा बापाच्या धंद्याकडे ढकलणे होय. दुसरा आक्षेप निराळ्या वर्गातून येतो: दार, खुर्ची, कपाट दुरुस्त करायला माणसे मिळत असताना शिकणाऱ्या मुलाने ते काम का शिकावे, आणि घरोघरी लोक ते करू लागले तर सुताराच्या पोटावर पाय येणार नाही का? स्वीडनमध्ये गोथेनबर्ग येथे राहून घरातली बहुतेक लाकडी दुरुस्ती स्वतः करणारा मराठी माणूस म्हणून मी हे दोन्ही प्रश्न महत्त्वाचे मानतो. तरीही माझे मत असे आहे, की सुतारकामाची मूळ हत्यारे प्रत्येक मुलाने आणि मुलीने शाळेत हाताळली पाहिजेत, आणि त्यासाठी दहा दिवस अगदीच अपुरे आहेत.

परदेशात मजुरी महाग असते, म्हणून तिथले लोक नाइलाजाने हातात हातोडी घेतात, असे आपल्याकडे समजले जाते. त्यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. स्वीडनमध्ये घरदुरुस्तीसाठी कारागीर बोलावला तर मजुरीच्या सर्वसाधारणपणे ३० टक्के रकमेची करसवलत ठरावीक मर्यादेपर्यंत मिळते. म्हणजे कारागिराला बोलवावे यासाठी सरकार स्वतः पैसे मोजते. असे असूनही माझे शेजारी कपाटाची बिजागरी बदलतात, खिडकीची चौकट खरवडून रंगवतात आणि बागेतले बाक पुन्हा उभे करतात. वकील, परिचारिका, बसचालक या सर्वांना ते जमते, कारण ते सर्व शाळेत शिकून आले आहेत. स्लॉइड हा हस्तकामाचा विषय स्वीडनच्या शाळांमध्ये १९५५ पासून सक्तीचा आहे आणि सक्तीच्या शिक्षणाच्या काळात त्याला एकूण ३३० तास दिलेले आहेत. पूर्वी मुलांना लाकूड आणि धातू, तर मुलींना कापड अशी वाटणी होती. ती पुढे मोडली गेली. माझ्या मुलीने शाळेत चाकूने लाकूड तासले आहे, आणि तिच्या वर्गातील मुलांनी शिवणयंत्रावर पिशव्या शिवल्या आहेत.

या विषयाची मुळे गोथेनबर्गपासून फार दूर नसलेल्या नेस येथे आहेत. फिनलंडमध्ये शिक्षणतज्ज्ञ उनो सिग्नेउस यांच्या पुढाकाराने १८६६ मध्ये लोकशाळांत मुलांसाठी हस्तकाम सक्तीचे झाले होते, आणि त्याच विचाराला स्वीडिश शिक्षणतज्ज्ञ ओटो सालोमन यांनी १८७० च्या दशकात नेस येथील शिक्षक प्रशिक्षणातून पद्धतशीर रूप दिले. सोप्या वस्तूपासून अवघड वस्तूकडे जाणारी नमुन्यांची मालिका, सुरुवातीला फक्त चाकू आणि मग क्रमाने करवत, रंधा, पटाशी (लाकूड कोरायची छिन्नी), तसेच शोभेच्या नव्हे तर घरात वापरता येतील अशाच वस्तू, ही त्यांची शिस्त होती. मुलांना सुतार बनवणे हा त्यांचा हेतू नव्हता. डोळा, हात आणि विचार यांना एकत्र काम करण्याची सवय लागावी, आणि अंगमेहनतीविषयी आदर वाटावा, एवढेच त्यांना हवे होते. अनेक देशांतून शिक्षक तेथे शिकायला आले, आणि त्यांत शांतिनिकेतनातील लक्ष्मीश्वर सिन्हाही होते. त्यामुळे ही परंपरा आपल्याला सर्वस्वी परकी नाही.

महाराष्ट्राला तर ती आणखी जवळची आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाभोवती सगळे शिक्षण गुंफण्याची योजना मांडली, आणि झाकिर हुसेन समितीने तिला आकार दिला. परंतु मुलांनी तयार केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शिक्षकांचा पगार निघावा, ही त्या योजनेतील अपेक्षा मला तिची कमकुवत बाजू वाटते. विक्रीचा विचार आला की मूल पहिल्या फसलेल्या सांध्याला घाबरते, आणि शिक्षक त्याच्या हातातून पटाशी काढून घेतो. शिकणाऱ्याला लाकूड वाया घालवण्याची मुभा असलीच पाहिजे.

जातीचा आक्षेप यापेक्षा अधिक गंभीर आहे आणि त्याला इतिहासाचा आधार आहे. १९५३ मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी शाळेचा वेळ अर्धा करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा व्यवसाय शिकावा, अशी योजना आणली. तिला कुलशिक्षण, म्हणजे कुळाच्या धंद्याचे शिक्षण, म्हणून प्रखर विरोध झाला आणि १९५४ मध्ये ती मागे घेण्यात आली. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकामासह १८ व्यवसाय आहेत, आणि कुटुंबात चालत आलेल्या धंद्यांवर तिचा भर असल्याने तमिळनाडूने तिच्याविषयी हाच प्रश्न उपस्थित केला. बलुतेदारीचा अनुभव असलेल्या समाजाने असा प्रश्न विचारणे योग्यच आहे. पण ज्याच्या बापाच्या हातात रंधा होता त्यालाच रंधा देणे, आणि डॉक्टरांच्या मुलीलाही तोच रंधा त्याच बाकावर देणे, या दोन परस्परविरोधी गोष्टी आहेत. पहिलीने जात टिकते. दुसरीने हत्याराला चिकटलेली जात सुटू लागते. दहा दिवसांच्या उपक्रमाचा धोका मला इथेच दिसतो: सधन शाळेतील मुले सुताराला पाहून फोटो काढून परततील आणि काम कोणाचे याविषयीची त्यांची जुनी समजूत तशीच राहील.

आता प्रत्यक्ष कामाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण घरी काय शिकायचे असते हे त्याशिवाय कळणार नाही. पावसाळ्यात घासणारे दार घ्या. लाकूड हवेतील ओलावा शोषते आणि सोडते. लांबीच्या दिशेने ते जवळपास बदलत नाही, पण रेषांना आडव्या दिशेने फुगते आणि आकसते, आणि त्यातही वाढीच्या वलयांना समांतर असा बदल वलयांना छेदणाऱ्या दिशेच्या साधारण दुप्पट असतो. कोकणात पावसाळ्यात हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, म्हणून दार तेव्हा अडते. स्वीडनमध्ये हिवाळ्यात घरे तापवल्यामुळे आतली आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली उतरते, म्हणून तेव्हा फळ्यांमध्ये फटी पडतात आणि दारे उन्हाळ्यात अडतात. ऋतू उलटे असले तरी कारण एकच आहे. हे ठाऊक असलेला माणूस भर पावसात दारावर रंधा चालवत नाही, कारण तेव्हा भरपूर तासलेले दार उन्हाळ्यात चौकटीत सैल पडते.

त्याआधी तो वरच्या बिजागरीचे स्क्रू पाहतो. दाराच्या वजनाने ते सैल झाले की दाराचा बिजागरीसमोरचा कोपरा खाली झुकतो आणि खालची कड घासू लागते. अशा वेळी दोष ओलाव्याचा नसून स्क्रूचा असतो. भोक मोठे झाले असेल तर त्यात सरस लावलेली लाकडाची बारीक खुंटी ठोकावी, ती वाळल्यावर नवे भोक पाडावे आणि मगच स्क्रू पिळावा. एवढे करूनही दार घासत असेल तर कोरड्या दिवसांत, घासल्याची खूण असेल तेवढ्याच जागी रंधा मारावा. दाराच्या वरच्या किंवा खालच्या कडेला रंधताना हात बाहेरून मध्याकडे न्यावा, नाहीतर टोकाला उभ्या पट्टीचे लाकूड चिरते. शेवटी तासलेल्या उघड्या कडेला रंग किंवा पॉलिश लावावे. बहुतेक जण ही कड विसरतात, आणि पुढच्या पावसाचे पाणी तिथूनच आत शिरते.

एवढे ज्ञान असलेला माणूस सुताराची भाकरी हिरावत नाही, असे माझे ठाम मत आहे. दार घासते म्हणून सुताराला बोलावणारे लोक त्याला किरकोळ कामाचे किरकोळ पैसे देतात आणि वर घासाघीस करतात. चौकोनी खाच सरळ कापायला किती सराव लागतो, हे ज्याने गुण्या (काटकोन तपासायचे हत्यार) लावून स्वतः अनुभवले आहे, तो चांगल्या सांध्याची मजुरी देताना कुरकुरत नाही, आणि सांध्याऐवजी नुसते खिळे ठोकून दिलेले काम मुकाट्याने स्वीकारतही नाही. चांगल्या कारागिराला हवा असतो तो असा जाणता गिऱ्हाईक.

स्वतः दुरुस्ती करण्याला मर्यादा आहेतच. स्वीडनमध्ये जुना स्विच किंवा १६ अँपिअरपर्यंतचा सॉकेट बदलण्याची सामान्य माणसाला परवानगी आहे, पण नवी वायर भिंतीतून न्यायची असेल तर नोंदणीकृत कंपनीचा इलेक्ट्रिशियनच लागतो. आपल्याकडे भारतीय वीज नियम, १९५६ मधील ४५ व्या नियमाने जवळपास हीच रेषा आखलेली होती: दिवे, पंखे, फ्यूज, स्विच यांची अदलाबदल वगळता उरलेले काम परवानाधारक कंत्राटदाराचे. लाकडात चूक झाली तर फळी जाते, विजेत चूक झाली तर जीव जातो, हा फरक शाळेत पहिल्याच दिवशी सांगायला हवा.

स्वीडनमधील सगळेच अनुकरणीय नाही, हेही नोंदवले पाहिजे. भुसा आणि डिंक दाबून केलेल्या फळ्यांचे सुटे फर्निचर इथे घरोघरी आहे. ते एकदा जोडता येते, पण उकलून पुन्हा जोडताना स्क्रू पकड सोडतात आणि पाणी लागले की कड फुगून फुटते. त्यावर रंधाही चालत नाही. आपल्याकडील सागवानी खुर्ची पिढ्यान्‌पिढ्या सांधे आवळत वापरता येते, आणि ती दुरुस्त करणारा माणूस अजून हाकेच्या अंतरावर आहे. ही संपत्ती स्वीडनने बऱ्याच अंशी गमावली आहे.

म्हणूनच एका मुद्द्यावर मी सालोमन यांच्याशी असहमत आहे. हस्तकाम शिकवणारा माणूस प्रशिक्षित शिक्षकच असावा, कारागीर नव्हे, असा त्यांचा आग्रह होता. महाराष्ट्रात असे केले तर पदवी असलेला पण करवतीला धार न लावता येणारा माणूस वर्गावर उभा राहील, आणि ज्याच्या हातात विद्या आहे तो पुन्हा दाराबाहेर राहील. अनुभवी सुताराला शिक्षकाचे पद, शिक्षकाचा पगार आणि मुलांना शिकवण्याचे थोडे प्रशिक्षण मिळावे, पदवीची अट त्याच्यासाठी शिथिल व्हावी, आणि पाचवीपासून प्रत्येक आठवड्याला दोन तास वेळापत्रकात राखले जावेत, ही माझी मागणी आहे. मजबूत बाके, लाकूड धरायला शिकंजे, करवती, रंधे, पटाश्या, गुण्ये, हातोड्या आणि धार लावायचा दगड एवढ्यावर कार्यशाळा सुरू होते. विजेवर चालणारी यंत्रे पहिली काही वर्षे नसलेलीच बरी.