जो व्हीलरला कोणत्या फुटपट्टीने मोजायचं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही लांबणार. तुमचं म्हणणं असं की, घोडदळाचा सेनापती जोसेफ व्हीलर याच्यावरच्या लेखात मी शौर्य चार ओळींत उरकलं आणि जॉर्जियातल्या एबेनेझर ओढ्याला, जिथे सुटलेले गुलाम बुडाले, अख्खा परिच्छेद दिला. शिवाय अमेरिकेच्या यादवीत (1861-65) दक्षिणेकडून आणि पुढे अमेरिकेच्या झेंड्याखाली लढलेला हा माणूस उत्तर-दक्षिण समेटाचं प्रतीक आहे, त्याला आजची फुटपट्टी लावू नये.

शौर्याबद्दल वाद नाहीच. पंचविशीत दक्षिणेचा सेनापती ब्रॅग याच्या फौजेचं घोडदळ त्याच्या हाती आलं. डिसेंबर 1862 मध्ये त्याने उत्तरेचा सेनापती रोझक्रान्स याच्या सैन्याला पिछाडीने पूर्ण वळसा घालून रसदीच्या गाड्या जाळल्या. ऑक्टोबर 1863 मध्ये टेनेसीतल्या सेक्वाची खोऱ्यात पुन्हा रसद जाळली, आणि चट्टानूगा शहरात कोंडलेल्या उत्तरेच्या सैनिकांचे हाल आणखी वाढले. रसद तोडण्यात त्याचा हात धरणारे थोडेच.

पण त्याचे स्वार जॉर्जियातल्या आपल्याच शेतकऱ्यांची धान्य-जनावरं उचलून नेत. याबद्दल बोंब मारली ती दक्षिणेतल्याच लोकांनी, 1864-65 मध्ये. ही कुठली आजची फुटपट्टी?

एबेनेझरचंही तसंच. 9 डिसेंबर 1864 ला आपलं सैन्य ओढा ओलांडताच तरंगता पूल काढून घेतला तो उत्तरेच्या जेफरसन सी. डेव्हिसने (दक्षिणेच्या राष्ट्राध्यक्षाशी फक्त नावापुरतं साम्य). हे लेखात स्पष्ट आहे. पण सैन्यामागून चाललेल्या, नुकत्याच सुटलेल्या गुलामांनी डिसेंबरच्या गारठ्यात फुगलेल्या पाण्यात उड्या का घेतल्या? मागून व्हीलरचं घोडदळ येत होतं म्हणून. कित्येक बुडाले, उरलेल्यांपैकी बरेच पुन्हा गुलामीत गेले. त्यावरून तेव्हाच इतका गदारोळ झाला की युद्धमंत्री स्टँटनने जानेवारीत सव्हाना शहरात येऊन डेव्हिसचा वरिष्ठ, सेनापती शर्मन, याच्याकडे डेव्हिसबद्दल विचारणा केली.

आता समेट. व्हीलर 1880 मध्ये अलाबामातून डेमोक्रॅट म्हणून प्रतिनिधीगृहावर निवडून आला. हरलेल्या विल्यम लोने निकालाला आव्हान दिलं आणि जून 1882 मध्ये प्रतिनिधीगृहाने व्हीलरला उठवून लोला त्या जागी बसवलं. लो काही महिन्यांतच क्षयाने वारला, पोटनिवडणुकीत व्हीलर परतला, आणि 1885 पासून 1900 पर्यंत ती जागा त्याचीच. याच काळात दक्षिणेत कृष्णवर्णीयांची मतं दहशतीने आणि मतपेटीतल्या लबाडीने दाबली जात होती. 1890 मध्ये निवडणुकांवर केंद्राची देखरेख आणणारं विधेयक आलं, ते त्याच्या पक्षाने सिनेटमध्ये अडवलं. उत्तर-दक्षिणेतल्या गोऱ्यांचं मनोमीलन खरं होतं, पण त्याची किंमत या मतदारांनी मोजली.

1898 साली स्पेनशी युद्ध झालं तेव्हा राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लीने एकसष्ट वर्षांच्या व्हीलरला क्यूबात धाडलं, तेही समेटाचं राजकारण म्हणूनच. लास ग्वासिमासला 24 जूनला त्याने, पुढे राहण्याचा मान दुसऱ्या सेनापतीच्या, लॉटनच्या, तुकडीचा असताना, तिला मागे टाकून हल्ला चढवला. स्पॅनिश सैन्य तसंही मागे सरकण्याच्या बेतात होतं, आणि अमेरिकेचे 16 जण गेले. चढाईच्या भरात तो स्पॅनिशांना ‘यांकी’ (यादवीत दक्षिणेचे लोक उत्तरेच्या सैनिकांना म्हणत तो शब्द) म्हणाला ही दंतकथा मलाही आवडते. पण तुम्ही स्वतः फौजेत होता म्हणून विचारतो, हाताखालच्या अधिकाऱ्याने असं केलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?

त्या दिवशी त्याच्या हुकमतीत दहावं घोडदळ होतं, कृष्णवर्णीय स्वारांचं. घोडे बहुतेक टॅम्पालाच राहिल्याने सगळेच पायी लढले. त्या स्वारांची नोंद तुमच्या समेटात कुठे येते?

व्हीलरच्या पुतळ्याचं विचारलंत. कॅपिटॉलमध्ये, म्हणजे वॉशिंग्टनच्या संसदभवनात, प्रत्येक राज्याचे दोन पुतळे असतात. 2009 मध्ये अलाबामाने त्यातला करी या राजकारण्याचा बदलून हेलन केलरचा बसवला, व्हीलरचा ठेवला. तो निर्णय अलाबामाच्या लोकांचा.

ग्रिअरसनवर लिहा ही सूचना मात्र लगेच उचलतो. दहाव्या घोडदळाचा पहिला कर्नल तोच, मूळचा संगीत शिक्षक, आणि लहानपणी घोड्याने लाथ मारल्यापासून घोड्यांवर राग असलेला.