‘बोलेल हळूहळू’ म्हणत घालवलेलं वर्ष

दात उशिरा आले, चालायला उशीर झाला, की आजीपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे विचारतात. पण दीड वर्षाचं पोर खिडकीतून जाणाऱ्या बसकडे बोट दाखवून आईच्या तोंडाकडे वळून बघतं की नाही, हे कुणीच विचारत नाही. बालविकासाच्या संशोधनात मात्र या एका गोष्टीला फार मोठी किंमत आहे.

मी स्पीच थेरपिस्ट आहे, पुण्यात सिंहगड रोड भागात काम करते. माझ्याकडे येणारी स्वमग्न (ऑटिझम असलेली) मुलं बहुतेक साडेतीन-चार वर्षांची असतात, शाळेतून सांगणं आल्यावर आणलेली. आईला शंका त्याच्या कितीतरी आधी आलेली असते. मधला सगळा काळ ‘त्याचे बाबापण उशिराच बोलले’, ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘बालवाडीत घाला, चार पोरांत आपोआप बोलेल’ असं ऐकण्यात जातो. बोलणारे सगळे मायेनेच बोलतात. पण मेंदूची जडणघडण सर्वांत वेगात चालते ती याच वर्षांत, आणि ती वर्षं परत मिळत नाहीत. मला याचा खरंच त्रास होतो.

आपण सगळे शब्दांची वाट बघत बसतो, हीच अडचण आहे. शब्दांच्या आधी खूप काही घडायचं असतं. नावाने हाक मारल्यावर वळणं, टाटा करणं, आवडलेली वस्तू उचलून आईला दाखवणं. पाणी हवं म्हणून आईचा हात धरून तिला माठापर्यंत ओढत नेणारं मूल हुशारच असतं, पण तिथे फक्त मागणं आहे. ‘ते बघ ना!’ म्हणून केलेलं बोट वेगळं, कारण त्यात मुलाला काहीच नको असतं, फक्त आपली मजा दुसऱ्याबरोबर वाटून घ्यायची असते. हे दिसत नसेल तर शब्द येईपर्यंत थांबू नये.

आता दोषाबद्दल. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली स्वमग्नतेचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. त्यानंतर कितीतरी वर्षं ‘आई थंड असते म्हणून मूल असं होतं’ हे डॉक्टरसुद्धा मानत होते. १९७७ साली इंग्लंडमधल्या जुळ्या मुलांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा मोठा वाटा दिसला आणि पुढच्या अभ्यासांनी तो पक्का केला. एवढं होऊनही आज माझ्यासमोर बसलेली आई दबक्या आवाजात सांगते, ‘सासूबाई म्हणतात, मी लवकर कामावर गेले म्हणून झालं.’ नाही हो. तुमच्या नोकरीने झालेलं नाही. हे मी प्रत्येकीला सांगते आणि इथेही सांगते.

लशीचंही तेच. १९९८ साली फक्त १२ मुलांवरच्या एका लेखाने गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्रित लशीवर संशय घेतला. तो छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो लेख २०१० साली मागे घेतला आणि २०१९ मध्ये डेन्मार्कच्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींत त्या लशीचा आणि स्वमग्नतेचा काहीही संबंध आढळला नाही. पालकांचा गोंधळ मी समजू शकते. लशीचा दुसरा डोस दीड-दोन वर्षांच्या सुमारास असतो आणि वेगळेपण ठळक दिसायला लागतं तेही त्याच वयात. पण २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, पुढे स्वमग्नतेचं निदान झालेल्या बाळांचं समोरच्याच्या डोळ्यांकडे बघणं दोन ते सहा महिन्यांच्या काळातच कमी होत गेलेलं दिसलं. गोवराची लस तेव्हा दिलेलीही नसते.

मला सर्वांत जास्त धीर देणारं संशोधन आपल्या शेजारचंच आहे. गोवा आणि रावळपिंडी इथे ६५ मुलांवर झालेला हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेल्या कार्यकर्त्यांनी घरी जाऊन आईवडिलांना मुलाशी संवाद साधायला शिकवलं. आईवडिलांचा मुलाशी सूर जुळला आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात तर निदानाच्याही आधी, सुरुवातीची लक्षणं दिसणाऱ्या ९ ते १४ महिन्यांच्या बाळांच्या पालकांबरोबर असंच काम झालं. तीन वर्षांचं होताना मदत मिळालेल्या ४५ पैकी ३ मुलं निदानाच्या निकषांत बसली, नेहमीची सेवा मिळालेल्या ४४ पैकी ९. आकडे छोटे आहेत, यावरून कुणी ‘बरं होतं’ असं म्हणू नये. पण मदतीसाठी निदानाची वाट बघायला नको, एवढं त्यातून नक्की दिसतं.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं? सतरंजीवर पोरगा डब्याचं झाकण गरागरा फिरवतोय. आई सवयीने विचारते, ‘हे काय आहे? कुठला रंग? सांग ना!’ तो पाठ फिरवतो. मी तिला एवढंच सांगते की काही विचारू नका, दुसरं झाकण घ्या आणि त्याच्यासमोर बसून तुम्हीही फिरवा. ती फिरवते. तो थांबतो, तिच्या झाकणाकडे बघतो, मग तिच्याकडे. ती म्हणते ‘गरगर!’ आणि गप्प बसते. ते गप्प बसणंच सर्वांत कठीण जातं. थोड्या वेळाने तो आपलं झाकण तिच्या हातात देतो. याला महागडं यंत्र लागत नाही, आणि हे अंगणवाडी ताईंना शिकवता येतं.

उलट पैसे जातात ते भलतीकडे. स्वमग्नतेवर स्टेम सेल (मूळ पेशी) उपचारांची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्येच स्पष्ट केलं आहे. तरी दागिने मोडून त्यामागे धावलेले पालक मी पाहिले आहेत.

माझी मागणी साधी आहे. पुण्यात दीड वर्षाच्या लशीसाठी मूल दवाखान्यात येतं, त्याच दिवशी आईला बोट दाखवण्याबद्दल, हाकेला वळण्याबद्दल पाच मिनिटं विचारा. माता-बाल कार्डावर लशींच्या तारखा चोख भरलेल्या असतात, पण माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी कार्डांवर विकासाच्या टप्प्यांचा भाग कोराच दिसतो. तो भरा. शंका वाटली तर आधी कान तपासून घ्या, आणि त्याच आठवड्यात आईला जमिनीवर बसून खेळायला शिकवा. निदानाची तारीख मिळेल तेव्हा मिळेल. आणि आयांनो, ‘सहा महिन्यांनी बघू’ असं कुणी म्हणालं आणि मन मानत नसेल, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.