दोन वेढे कापून गाडी ‘रस्त्याला चिकटते’?

सध्या सगळीकडे फिरणारा सल्ला असा: स्विफ्टच्या स्प्रिंगचे दोन-दोन वेढे ग्राइंडरने उडवा, १७ इंची अलॉय घाला. गाडी खाली बसते, वळणात चिकटते, खर्च फक्त चाकांचा.

‘फक्त उंची कमी होते.’ नाही, स्प्रिंगही कडक होते. काम करणाऱ्या सहा वेढ्यांपैकी एक गेला तर २० टक्के, दोन गेले तर ५० टक्के. शॉकअप मात्र जुनेच. त्यांना ही स्प्रिंग आवरत नाही, म्हणून खड्ड्यानंतर गाडी उड्या मारत राहते. त्याहून वाईट ते कापलेलं टोक. मूळ टोक वाटीत नीट बसेल असं घडवलेलं असतं. कापलेलं एका बिंदूवर टेकतं. गाडी जॅकवर घेऊन चाक लोंबकळू द्या, स्प्रिंग हाताने फिरवून पाहा. सैल फिरली तर मोठ्या उंचवट्यावर ती जागा सोडू शकते. गॅस कटरने कापली असेल तर पोलादाचं पाणीही उतरलं. ती पुढेही दबत जाईल.

‘वळणात चिकटते.’ झुकणं कमी वाटतं, हे खरं. पण पुढच्या लोअर आर्मचं (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचं) बाहेरचं टोक वर जातं आणि रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती गाडी वळणात झुकते तो, गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतो. दोघांतलं अंतर वाढलं की झुकणंही वाढतं. कडकपणाने कमावलेलं बरंचसं तिथेच जातं. टो, म्हणजे वरून पाहता चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत, तोही बिघडतो. अलाइनमेंट न करता चालवलीत तर टायरची आतली कड आधी खलास.

‘१७ इंच बसतातच.’ कोणते, ते सांगा. टायरवरचे आकडे असे वाचा: रुंदी मिमीत, भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, मग रिमचे इंच. स्विफ्टच्या महागड्या व्हेरिएंटच्या १८५/६५ आर१५ चा व्यास ६२१ मिमी. २०५/४५ आर१७ चा ६१६, म्हणजे चालेल. २०५/५० घेतला तर ६३७, आणि मीटर १०० दाखवताना गाडी आधीपेक्षा अडीच किलोमीटर जास्त पळते. ४५ च्या टायरची भिंत १२० वरून ९२ मिमीवर येते. सस्पेन्शनची चाल आधीच कापलेली, त्यात रबराची गादीही पातळ: मग खड्ड्यात रिमच वाकते. लोड इंडेक्सही (टायर किती भार पेलतो त्याचा आकडा) बघा. मूळ ८८, साध्या २०५/४५ चा ८४. ८८ हवा तर एक्सएल, म्हणजे जास्त भार पेलणारा टायर मागा.

ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती मिमी बाहेर आहे, तो तर कुणी विचारतच नाही. रिमवर तो ‘ईटी’ ने लिहितात, आणि ‘जे’ आधीचा आकडा रिमची रुंदी इंचात. ५.५जे ईटी४५ च्या जागी ७जे ईटी३५ घातली की रिम २९ मिमी बाहेर येते आणि चार माणसं बसली की मडगार्डला घासते. हबचा (चाक ज्यावर बसतं त्याचा) मध्य ५४.१ मिमीचा, बाजारातल्या बऱ्याच अलॉयचं भोक ७३.१ चं. मधली फट भरणारी रिंग न घालता नट आवळले तर स्टीअरिंग थरथरतं, आणि दोष बॅलन्सिंगवाल्याला.

कंपनीचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या तळाची उंची) १६३ मिमी. त्यातले ४० गेले, वर भार आला, तर नियमातल्या १०० मिमी उंच गतिरोधकावरूनही गाडी जेमतेम जाते. गल्लीतले गतिरोधक नियम वाचून बांधत नाहीत.

खालीच घ्यायची असेल तर त्याच मॉडेलसाठी बनलेल्या, २५-३० मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग आणि त्यांना साजेसे शॉकअप घ्या. चाकं १९५/५५ आर१६, एक्सएल: व्यास तोच ६२१, भिंत १०७.