काका, आकडा सांगा

सांगलीच्या विश्रामबागेतलं आमचं स्वयंपाकघर लांबट आणि चिंचोळं. तयार खुर्च्या तिथं शिरतात, पण मग माणूस शिरत नाही. म्हणून बायकोनं फर्मान काढलं, चार खुर्च्या मापाच्या करून घ्यायच्या, लाकडी आणि रंगवलेल्या. तिच्या भावाच्या ओळखीतल्या एका पोरानं कुपवाड एमआयडीसीत सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरनं दिलेल्या आकड्यांवर लाकूड कापणारं मशीन, लावलाय. "फाइल दिली की मशीन सगळं करतं," मेहुणा म्हणाला. फाइल कुणी द्यायची, हे त्यानं सांगितलं नाही.

"काका, सीटची उंची किती ठेवू?" पोरानं विचारलं.

"ठेव की साधारण, असते तेवढी."

"साधारण टाकलं तर मशीन घेत नाही. आकडा सांगा."

आमच्या सुतारमामांनी कधी असा छळ मांडला नाही. ते यायचे, चहा प्यायचे, कानावरची पेन्सिल काढून पुन्हा कानावर ठेवायचे आणि "करतो की" म्हणून जायचे. दसऱ्याला सांगितलेली वस्तू होळीला यायची हे खरं, पण मधल्या काळात कुणी आपल्याला काही विचारायचं नाही.

शेवटी उंची पोरानंच ठरवली. सीट ४५०, टेबल ७५०, मध्ये ३०० मिलिमीटर मोकळे, मांड्या सुखात राहतात. मी घरी येऊन हे सांगितलं आणि जेवता जेवता फाटे फुटले. आईचं म्हणणं, खुर्चीवर मांडी घालता आली पाहिजे. पाय लोंबकळत ठेवून जेवलेलं तिच्या अंगी लागत नाही. पोरानं सीट ४२० रुंद धरलेली. आईच्या मांडीचं माप घ्यायला मी टेप घेऊन गेलो, तर तिनं असं काही पाहिलं, की मी शेजारच्या भिंतीचं माप घेऊन परतलो. आकडा बायकोनं काढून आणला: ५८०. सगळ्याच खुर्च्या एवढ्या केल्या असत्या तर स्वयंपाकघराबाहेर बसून जेवावं लागलं असतं, म्हणून एक आईची आणि तीन बाकीच्यांच्या असं ठरलं. पाठीचा कलही आकड्यातच सांगायचा होता. पोरगं १०० अंश म्हणालं. बाबांना मात्र मागच्या दोन पायांवर झुलायची सवय, आणि तो कोन कुठल्याच तक्त्यात नाही.

आकड्यांवर चालणारं पहिलं मिलिंग मशीन १९५२ साली अमेरिकेत एमआयटीत दाखवलं गेलं, विमानाचे भाग नेमके कापता यावेत म्हणून. ती विद्या आता आमच्या आईच्या मांडीपाशी येऊन अडकली होती.

कापायचा दिवस मात्र बघण्यासारखा. प्लायवूड घेतलं १८ मिलिमीटरचं, व्हर्नियर लावला तर भरलं १७.४. पोरानं खाचा बरोबर त्याच मापाच्या ठेवल्या, कारण भाग खिळ्यांशिवाय एकमेकांत अडकवायचे होते. कापणारा बिट ६ मिलिमीटरचा आणि गोल, त्यामुळे आतला कोपरा त्याला काटकोनात कापता येत नाही. म्हणून प्रत्येक कोपऱ्यात तो जरा पुढं जाऊन एक गोल खळगा पाडतो, मग समोरचा भाग पुरता आत बसतो. मिनिटाला १८,००० फेरे. आवाज असा, की मालकाशी दराची घासाघीस करायचीही सोय नाही. मशीन थराथरानं खोल कापत जातं, तिसऱ्या थराला लाइट गेली. आल्यावर आपण कुठवर आलो होतो हे मशीनला आठवेना. पोरगं निवांत. त्यानं शून्य पुन्हा लावलं आणि थांबल्या जागेपासून कापायला घेतलं.

सुट्टे भाग घरी आले तसे सुतारमामा मुद्दाम बघायला आले. खळग्यांवरून बोट फिरवत म्हणाले, "उंदीर झाल्यात व्हय घरात?" मग एक सांधा दाबून पाहिला, हलवून पाहिला, पुन्हा दाबला. बराच वेळ काही बोलले नाहीत. जाताना दारातून विचारलं, "केवढ्याला पडतंय हो ते मशीन?"

रंग हळदी, यावर एकमत होतं. सांगलीत हळदी म्हणताना माणसानं दहा वेळा विचार करावा. इथल्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं २०१८ साली, पण आमच्या घरात तिचे परीक्षक पिढ्यान्पिढ्या आहेत. डबा उघडताच आई म्हणाली, "ही सेलम. मी राजापुरी सांगितली होती." दुकानदाराला राजापुरी कळेना; त्याला शेड नंबर हवा होता.

मग भेगा बुजवायची लांबी, १२० नंबरचा पॉलिश पेपर, प्रायमर, २२० नंबरचा पेपर, पुन्हा प्रायमर. प्लायच्या कडा प्रायमर नुसता पितात, कितीही पाजा. खाचांना आधी टेप लावायची, नाहीतर रंगाच्या थरानंच सांधा बसायचा नाही. त्यात आषाढ लागलेला, रंग वाळता वाळेना. बाबा येता-जाता बोट लावून बघत. एका पाठीवर त्यांचा अंगठा खरेदीखतावर उठावा तसा उठलाय.

खुर्च्या झाल्या झकास. तीन टेबलाखाली सुरेख सरकतात. आईची मात्र सरकत नाही. टेबलाच्या दोन पायांमधलं अंतर ५६० आहे, आणि हा एवढा आकडा कुणीच मागितला नव्हता.

"मग टेबल करून घ्या की त्या पोराकडनं," बाबा मागच्या दोन पायांवर झुलत म्हणाले.